कोरडं तळघर

याकोबामावशींच्या घराचा इतिहास लिहायला नगरपालिकेने मला पाठवलं, तेव्हा मी मनात म्हटलं, इतिहास कसला, मयताआधीची तपासणी आहे ही. घर एका अंगावर कललं होतं. ते वाचवायचं की रिकामं करायचं, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. मावशी तर काही केल्या हलायला तयार नव्हत्या.

"आलैदा, मला इथून काढायचं तर शवपेटीतूनच काढा," त्या दारातच म्हणाल्या. "आता आत ये, कॉफी घे. आणि आधी पाय पूस."

आम्सटरडॅमची कालव्याकाठची घरं मोठी ढोंगी. हेही तसलंच. समोरून घंटेच्या आकाराचं शिखर, त्यावर दगडी फुलांच्या माळा, सगळा श्रीमंती थाट. माळ्यावर चढले तर मागचा ओकच्या लाकडाचा सांगाडा त्याहून शंभर वर्षांनी म्हातारा. कुण्या हेरिंग माशांच्या व्यापाऱ्याने घर बांधलं, पुढे नातवा-पणतवाने नुसता चेहरा बदलला. तुळयांवरच्या सुतारांच्या खुणा अजून ठळक होत्या. वरून घर चांगलं ठणठणीत. मला हायसं वाटलं, कारण मावशींवर माझा जीव होता.

मग तळघरात खड्डा खणून घेतला. आमची सगळी जुनी घरं दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. पाण्यात बुडालेलं लाकूड शेकडो वर्षं टिकतं, हवा लागली की कुजतं. म्हणून तळघरात पाणी झिरपलं तर लोक कुरकुरतात आणि सोडून देतात. मावशींचं तळघर मात्र कोरडं खडखडीत. जमिनीखाली खांबांची डोकी उघडी पडली होती. मी बोट लावलं, तर शिळ्या पावासारखा चुरा हातात आला.

कोपऱ्यात पंप गुणगुणत होता.

"हा कधीपासून चालतोय, मावशी?"

"वोल्फर्टने बसवला. आमच्या लग्नानंतर लगेच," त्या जिन्यावरून म्हणाल्या. नवऱ्याचं नाव घेताना त्यांचा चेहरा अजून उजळायचा. "त्याला ओल म्हणून खपायची नाही. शेजारी चिडवायचे, वोल्फर्टच्या तळघरात नाचायला येऊ का म्हणून. तो गेला, पण मी पंप बंद नाही केला. आवाज येत राहतो ना, वाटतं, खाली काहीतरी खुडबुड करतोय मेला."

मला त्या पंपाचा, आमच्या लोकांच्या त्या टापटिपीच्या वेडाचा भयंकर संताप आला. आणि मावशींकडे बघून रडू आलं. गप्प बसावंसं वाटत होतं. पण भिंतीला भिंत लागून शेजारचं घर होतं, त्यातही माणसं राहत होती. मी सगळं सांगितलं. पाणी उपसलं म्हणून खांब कुजले, हे सांगितलं. घर आता राहण्याजोगं नाही, हेही सांगितलं.

त्यांनी पंपाकडे पाहिलं.

"म्हणजे वोल्फर्टनेच?"

"काकांना माहीत नव्हतं, मावशी."

"कुणी सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं त्याने. हट्टी!" त्या हसायला गेल्या आणि त्यांना रडू फुटलं.

निदान शेजारचे खांब तरी वाचावेत म्हणून मी पंप बंद करायला पुढे झाले.

"थांब. तू नको."

कठड्याला धरून त्या खाली उतरल्या. बटण दाबलं, आणि पंप गार होईपर्यंत त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मग म्हणाल्या, "चल आलैदा, माझा कोट दे. आता कोण आहे इथे?"