मला खांबावर चढवू नका!

मी एक जुने हार्वर्ड विमान आहे, आणि जुने असल्याची मला जराही लाज वाटत नाही. मित्रांनो, माझा जन्म महायुद्धातला. पुढे कित्येक वर्षे मी दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलातल्या पोरांना उडायला शिकवले. भल्याभल्यांची घमेंड मी धावपट्टीवरच उतरवली! मग नवी विमाने आली आणि प्रिटोरियाजवळच्या एका क्लबाने मला घेतले.

मी काही स्वस्तातले नाही. तासाला सव्वाशे-दीडशे लिटर पेट्रोल पिते, वर तेल गाळते ते वेगळेच. इंजिन खोलायचे तर एका घराच्या किमतीएवढे रँड लागतात. तरी क्लब मला पोसत होता, कारण उम सारेल होते. थोरल्यांना इथे उम म्हणतात. मला उडवायची पात्रता क्लबात त्यांच्या एकट्याकडे उरली होती. यंदा डॉक्टरांनी त्यांचे हृदय तपासले आणि परवाना बंद केला.

लगेच बैठकीत ठरले, महिनाअखेरपर्यंत दुसरा कोणी पात्र ठरला नाही तर मला फाटकापाशी खांबावर चढवायचे. म्हणजे इंजिन काढून, पक्ष्यांना बसायला! मी काय बुजगावणे आहे? मला भयंकर राग आला.

तेव्हा क्लबातलीच डिकेलेडी मोफोकेंग पुढे आली. ती मोठ्या प्रवासी विमानाची कॅप्टन. पण माझे तिसरे चाक शेपटीखाली आहे, त्यामुळे जमिनीवर पळताना माझी शेपटी सारखी पुढे यायला बघते, आणि त्याचे शिक्षण निराळे. परीक्षेत तिने मला अलगद टेकवले आणि सवयीने सुकाणूच्या पेडलांवरचे पाय सैल सोडले. मी गर्रकन फिरले. मागच्या सीटवर बाहेरून आलेले परीक्षक पिल्ले नसते, तर माझा पंखच मोडला असता. त्यांनी तिला नापास केले आणि शनिवारी पुन्हा बोलावले.

"उम, आठ हजार तास उडवलंय मी!" ती रडवेली झाली.

"ते तास चहात बुडवून खा," उम सारेल गरजले. "तुझ्या त्या बसमध्ये चाकं टेकली की संपलं. इथे इंजिन बंद होईपर्यंत उड्डाण चालूच असतं, पोरी. काढ ते बूट! पायांना कळू दे."

आठवडाभर तिने मला नुसते जमिनीवर पळवले, अनवाणी. मागे बसून उम ओरडत होते.

शनिवारी आडवा वारा होता. माझी चाके टेकली आणि मागून पिल्ले म्हणाले, "वा कॅप्टन, झालं की! अभिनंदन! उद्या जेवायला या, खेकड्याची आमटी करतोय."

"गप्प बसा हो!" डिकेलेडी खेकसली. "अजून उडतेय मी!"

तिचे पाय डावे-उजवे चालूच होते. मी दोनदा ओढ घेऊन पाहिली. तिने मला हूं की चूं करू दिले नाही. शेवटी इंजिन थांबले.

"आता बोलू का?" पिल्लेंनी विचारले. "पास."

उम सारेल माझ्या पंखावर डोके टेकवून मोकळेपणी रडले.

मित्रांनो, मी खर्चिक आहे, हट्टी आहे, हे मला मान्य आहे. पण मला जपायचे म्हणून खांबावर टांगू नका. माझ्यासाठी शिकावे लागते. मग शिका!