एका चौरस इंचात

आजाराचा निर्णायक पराभव झाला आहे, अशी घोषणा सासऱ्यांनी सकाळी आठ वाजता गादीवर बसून केली, आणि बोलता बोलता भिंतीला हात टेकला. पाच दिवसांनी पारा अठ्ठ्याण्णववर आला होता. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली होती. त्यांच्या मापावर शंका घ्यायची पद्धत घरात नव्हती.

सुनेने त्यांचा हात धरला. थंडगार. दात घासताना थुंकी गुलाबी आली होती, पोट दुखत होतं, रात्रीपासून ते लघवीला उठले नव्हते. ती लॅबमध्ये रक्त तपासत असे. घरात तिची ओळख ‘सुया टोचणारी’ एवढीच.

“बाबा, हा डेंगी आहे. यात ताप उतरला की खरं दुखणं सुरू होतं. दवाखान्यात चला.”

“ताप आला तर दवाखाना, उतरला तरी दवाखाना. मग माणसाने घरी राहायचं कधी?”

नवरा टॉवेल घेऊन उंबऱ्यावर उभा होता. ना आत, ना बाहेर.

“बाबा म्हणतात उतरला, म्हणजे उतरला. डॉक्टरही साधा ताप म्हणाले.”

“ते तीन दिवसांपूर्वी.”

“मी या खोलीतून हलणार नाही,” सासऱ्यांनी निकाल दिला.

डास येऊ नयेत म्हणून खिडक्या पाच दिवस बंद होत्या. डास आतच होते. सुनेने मनात हिशेब केला. उचलून न्यावं, तर नवरा हात लावणार नाही. वाद घालावा, तर त्यातच दुपार होईल. तिने रक्तदाबाचं यंत्र काढलं, सासऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधून फुगवला आणि तसाच ठेवला.

“हे काय आता?”

“पाच मिनिटं गप्प बसा, बाबा.”

असं त्यांना या घरात कुणी म्हटलं नव्हतं. ते बसले.

पट्टा सोडला तेव्हा कोपराखाली बारीक लाल ठिपके उमटले होते. तिने त्यांचा चष्मा, पेन आणि स्टीलची पट्टी पुढे ठेवली.

“चौरस इंचात किती भरतात बघा. मी मोजले तर तुम्हाला पटायचे नाहीत.”

सासऱ्यांनी स्वतःच्या हातावर चौकोन आखला. रेघ वाकडी आली; थुंकी लावून पुसली, पुन्हा आखली. मध्येच आकडा चुकला, पहिल्यापासून मोजले.

“सत्तावीस. चालतात किती?”

“दहाच्या आत. त्यापुढे म्हणजे नसांतून रक्त झिरपतंय.”

त्यांनी चौकोनाला पुन्हा एकदा पट्टी लावून पाहिली.

“मग हा माल नापास,” ते म्हणाले, आणि मुलाकडे वळले. “उभा काय राहिलास? गाडी बघ.”

तासाभरात सलाइन लागलं. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दाखल झाल्यापासून सहाव्या दिवशी ते घरी आले. शेजाऱ्यांनी विचारलं, दुखणं ओळखलं कुणी?

“मीच. मोजून.”

नवऱ्याने मान डोलावली. सून लॅबमध्ये होती. तिची रजा संपली होती.