हनुवटीवरचा ठिपका

“पस्तीस वर्षं झाली लगनाले, आन आता मले पाहून पदर वढून राह्यली ते. मी काय तिचा सासरा आहो?” भागीरथाबाईंनी चिंचेवर बत्ता असा हाणला की चिंचोका उडून थेट अंगणात गेला.

शेजारची गुलाब छपरीत समोर बसून फोडलेली चिंच टोपलीत टाकत होती.

“ऊन लागत असन, काकू.”

“घरात? चार दिवस झाले, बाईचं कपाळ दिसलं नाई. हनुवटीबी पदरात. विचारलं तं म्हणते, फोडणी उडाली. फोडणी का मोजून चार ठिकाणी उडते?”

एवढ्यात त्यांची सून सुलोचनाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. दोन्ही हात ताटलीत गुंतलेले. उंबरा ओलांडताना पदर दाराच्या कडीला अडकला आणि डोक्यावरून घसरला. त्यांनी तो सावरायला हात सोडला नाही. चहा सांडला असता.

कपाळावरचे तीन आणि हनुवटीवरचा एक, चारही हिरवे ठिपके खपलीखाली गेले होते. भोवतीची कातडी लालसर दिसत होती.

“हे काय केलं?”

“काढून राह्यली,” सुलोचनाबाईंनी ताटली खाली ठेवली. “मयुरीसंगं वर्ध्याले गेलती मी. तिथं कातडीचा डॉक्टर मशीननं गोंदण काढते. ऊन लागू देऊ नका म्हणे, म्हणून पदर.”

“आन फोडणी?”

“ते तुमच्या भेवानं.”

गुलाबने कप उचलला. “आता मशिनी निघाल्या, काकू. तुमची नात मयुरी मनगटावर फुलपाखरू गोंदून आली, तिची माय पुसून आली. हिसाब बरोबर झाला.”

“तू चिंच पाय.”

भागीरथाबाईंच्या अंगावर अकरा जागी गोंदण होते. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा कोरेच तोंड घेऊन आल्या होत्या, आणि त्यांच्या सासूने सव्वा महिना त्यांच्या हातचे पाणी घेतले नव्हते. कोऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचे पाणी पचत नाही म्हणे. दागिने मेल्यावर लेकी-सुना काढून घेतात, गोंदण तेवढे सोबत येते, हेही त्याच सासूचे बोलणे. तेव्हा पोरगी बघायला आलेली माणसे आधी कपाळ बघत आणि मग रंग. गोंदण नाही ती बाई त्यांना सारवायची राहून गेलेल्या भिंतीसारखी वाटे.

पुढे सुलोचना घरात आली. दहावी पास, तोंड आरशासारखे कोरे. बायका बघून गेल्या आणि जाताना एकमेकींकडे बघून गेल्या. भागीरथाबाईंनी पुढच्याच हप्त्यात सिंदीच्या बाजारातून गोंदणारी बोलावली. सुनेचे डोके स्वतःच्या मांडीवर घेतले, दोन्ही हातांनी धरले. कपाळावरचे तीन ठिपके ओळीत बसले. हनुवटीवरचा डावीकडे घसरला.

“आमची सून बकरीवानी हल्ली, म्हणून वाकडं झालं,” दर हळदीकुंकवाला भागीरथाबाई सांगत. बायका हसत. सुलोचनाबाईही हसत आणि पाणी आणायला आत जात.

“काऊन पण?” भागीरथाबाईंनी विचारले. “या वयात कोणाले दाखवाचं आहे तोंड?”

सुलोचनाबाई दाराला टेकल्या.

“मयुरीच्या लगनात पार्लरवालीनं माह्याबी तोंडाले मेकप लावला होता. चारही ठिपके झाकून गेले. आरशात पाह्यलं, तं माहेरून निघाली तेव्हाचं तोंड. घरी येऊन धुतलं, पुन्हा हे.” त्यांनी पदर पुन्हा डोक्यावर ओढला. “दाखवाचं कोणालेच नाई, आत्याबाई. मले पाह्याचं आहे. अजून तीन खेपा आहेत. मी जाईन.”

भागीरथाबाईंनी चहाचा कप बोटाने दूर सरकवला.

त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या हातचे पाणी सोडले. भाकर खात, वरण ओरपत. “सैपाक तं गॅस करते,” असे गुलाबला सांगितले. पाण्यासाठी मात्र गुडघ्यावर हात ठेवून उठत, भिंतीला धरून माठापर्यंत जात, उभ्यानेच पीत. चैत सरला, बाहेर डांबर वितळू लागले. सुलोचनाबाई रोज सकाळी खाटेजवळ पाण्याचा गिलास ठेवत. दुपारी तो तसाच उचलून सांबाराच्या वाफ्यात ओतत. त्या उन्हाळ्यात कोथिंबीर काय ती माजली.

दीड महिन्याने दुसऱ्या खेपेचा दिवस आला. सुलोचनाबाईंनी पिशवी घेतली, उन्हासाठी तोंडाला दुपट्टा बांधला, खाटेजवळ गिलास ठेवला आणि वळल्या.

“थांब. ते सोड.”

सुलोचनाबाईंनी दुपट्ट्याची गाठ सोडली. भागीरथाबाईंनी त्यांना खाटेवर बसवले आणि उजेडाकडे तोंड वळवून बघितले. कपाळावरचे तीन ठिपके धुतलेल्या शाईसारखे उरले होते. हनुवटीवरचा तसाच होता, हिरवा, डावीकडे घसरलेला.

“हे काऊन गेलं नाई?”

“खोल आहे म्हणे. डॉक्टर विचारत होता, इथं सुई घसरली का म्हणून.”

“तू काय सांगतलं?”

“मी हल्ली, म्हणून सांगतलं.”

भागीरथाबाईंचा अंगठा हनुवटीवर होता. तो तिथेच राहिला. सुनेच्या डोळ्यांच्या कडेला आता सुरकुत्या होत्या. गोंदले त्या दिवशी त्याच कडेतून एक धार निघून कानात गेली होती. पोरगी दगडासारखी पडून होती, हूं की चूं केले नव्हते.

“तू नाई हल्ली,” भागीरथाबाई म्हणाल्या.

“काय?”

“तुह्या डोयातून पाणी आलं, आन माहा हात सुटला. डोकं म्या धरलं होतं. हल्ली मी.”

सुलोचनाबाईंच्या हातात दुपट्टा तसाच राहिला. रस्त्यावरून वर्ध्याच्या गाडीचा हॉर्न वाजला.

भागीरथाबाईंनी वाकून गिलास उचलला. पाणी घटाघटा प्यायल्या, तोंड पदराने पुसले आणि रिकामा गिलास सुनेच्या हातात दिला.

“फोडणी उडाली म्हणे! चार दिवसच टिकलं. खोटं बोलाव तं माह्यावानी, पस्तीस वर्षं. जाय आता, गाडी सुटन. आन त्या डॉक्टरले सांगजो, पह्यले हनुवटीचं काढ. वाकडं काम आहे ते, माह्या हातचं.”