चाळीस मिनिटांचा चोर

निवृत्त सुभेदार सयाजींनी एकशे बारा पानांचा गठ्ठा पाणी संस्थेच्या टेबलावर आपटला, तसे चहाचे कप बशीत नाचले.

"ह्यात चोर हाय," ते म्हणाले. "आज दावतोच."

पाण्याच्या पाळ्या लावणारा हा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम भावकीतल्या सुनेने, विजयमालेने लिहिलेला. सुनेने पाळ्या लावायच्या आणि सासऱ्याचा ऊस तहानेला राहायचा, असं कुठं झालंय? महिनाभर सुभेदार पारावर हेच सांगत होते. विजयमाला भांडली नाही. प्रोग्रॅम सगळ्यांना खुला आहे, म्हणाली; कुणीही वाचावा, चूक काढावी, हवा तर घेऊन जावा. फलटणकडच्या एका गावाने नेलाही होता. सुभेदार पडले सिग्नल पलटणीतले. त्यांनी शिराळ्याहून अख्खा प्रोग्रॅम छापून आणला आणि लाल पेन घेऊन आठ दिवस बसले.

"मामा, कुठल्या पानावर?" विजयमालेने विचारलं.

सुभेदारांनी सत्तेचाळिसावं पान काढलं. काल दुपारपासून ते तिथेच अडकले होते. प्रत्येकाला चार तास, अगदी सारखे. पण घड्याळ सुरू व्हायचं ते मोटर चालू झाली की, आणि पाटाच्या टोकाला यल्लाप्पाच्या रानात पाणी पोचायलाच चाळीस मिनिटं लागायची. मोटरीशेजारच्या रानाला मात्र चार तास पुरेपूर. ते रान सयाजींचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गठ्ठा बंबात घालावा, असंही एकदा त्यांच्या मनात आलं होतं.

"सुभेदार, कुटं हाय चोर?" अध्यक्ष जोतीराम म्हणाले.

सुभेदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"हितं तुमच्यापुढं उभा हाय. यल्लाप्पाची चाळीस मिनिटं माझ्या उसात जात्यात."

सगळी बैठक हसली. यल्लाप्पा तेवढा हसला नाही.

"मला वाटायचं, माझंच रान लय पितंय," तो म्हणाला.

विजयमालेने तिथेच लॅपटॉप उघडला. यल्लाप्पाची पाळी चाळीस मिनिटांनी वाढली; त्यातली पंचवीस सुभेदारांची घटली, उरलेली मधल्या रानांतून निघाली. दुरुस्ती ज्याची, त्याचं नाव प्रोग्रॅममध्ये घालायची रीत होती. सुभेदारांनी हुद्दा आणि फोन नंबरही हट्टाने घालायला लावला.

आठवड्यात ही दुरुस्ती फलटणकडच्या त्या गावाच्या प्रोग्रॅममध्येही पोचली आणि तिथून फोन आला.

"सुभेदार सयाजी तुमीच का? आमच्या पाण्याला हात लावणारं तुमी कोण वं? माझी पाळी कमी झाली की!"

सुभेदारांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"पावणं, तुमचं रान मोटरीशेजारी हाय व्हय?"

"तुमाला कसं ठावं?" पलीकडचा आवाज खाली आला.

"आसू द्या. सत्तेचाळिसावं पान छापून घ्या," सुभेदार म्हणाले. "लाल पेन हाय का घरात?"