अकरा गंधार

मालवीय नगरमधल्या आमच्या छोट्या रेकॉर्ड लेबलचं काम आम्ही दोघंच बघतो. निनाद नवी मुलं शोधून आणतो, त्यांच्या गाण्याचं मिक्सिंग मी करते. त्याआधी बारा वर्षं मी कॉलेजात फिजिक्सचे प्रयोग शिकवत होते, म्हणून मिक्सिंगच्या खोलीला निनाद माझी लॅब म्हणतो.

जानेवारीत आम्ही मयूरीचं पहिलं गाणं काढलं. मयूरी एकोणीस वर्षांची. तिचे वडील शेषराव रेल्वेत पॉइंट्समन, मूळ अकोल्याकडचे. गाणं तिनं स्वतः रचलेलं. त्यात गंधार, म्हणजे 'ग' हा सूर, अकरा वेळा येतो आणि अकराही वेळा तिनं तो तेवढाच, थोडा उतरलेला लावला होता. स्क्रीनवर ते स्पष्ट दिसत होतं. मी अकराही गंधार उचलून जागेवर बसवले. तिला विचारलं नाही. नंतर सांगितलंही नाही. गाणं लोकांना आवडलं.

मार्चमध्ये ती दुसऱ्या गाण्यासाठी आली. सोबत शेषराव होते. माइक तपासायला तिनं पहिलंच गाणं म्हटलं. गंधार अगदी जागेवर लागला.

"आता चारुताईच्या लॅबमध्येही पास होशील," निनाद म्हणाला.

"महिनाभर तेवढंच केलं, भैया. रेकॉर्डमध्ये नीट लागला होता, घरी लागतच नव्हता. मतलब, बाबांमुळे. त्यांचं गाणं ऐकून ऐकून मी खाली लावायचे. त्यांना पण सांगितलं मी, तुमचा सूर कमी पडतो म्हणून."

शेषराव हसले. "मले कुठं कोणी शिकवलं होतं. आता मी गातच नाही. उगाच पोरीचा सूर बिघडाचा."

विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला सांगायचे, मोजताना हातून होणारी चूक कधी वर पडते, कधी खाली. सगळी मापं एकाच बाजूला, तेवढ्याच अंतरावर पडली तर खोडू नका, आधी कारण शोधा. मी शोधलं नव्हतं. ते कारण आता समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसलं होतं.

गप्प राहिले असते तर कोणालाच कळलं नसतं. निनादलाही माहीत नव्हतं.

"रेकॉर्डमधला गंधार तुझा नाही," मी म्हणाले. "मी बदलला. तू आधी लावायचीस तोच बरोबर होता, तुझ्या घरच्या गाण्याचा."

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. मयूरीनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग माइकसमोर जाऊन तीनदा गाऊन पाहिलं. तिन्ही वेळा गंधार मी बसवला होता तिथंच लागला.

"बाबा, तुम्ही एकदा म्हणा ना. मी तुमच्या मागून म्हणते."

मी माइक शेषरावांकडे वळवला. त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"राहू द्या, मॅडम. इथं काहून."

"भाऊ, चूक माझी होती. तुमचा सूर बरोबर आहे."

"हो, हो." माझं मन राखायला त्यांनी मान हलवली. "पण आता लाज वाटते."

मयूरी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. निनाद माझ्याकडे बघत नव्हता. निदान ऐकायला मी नको, म्हणून मी माइक बंद केला आणि बाहेर आले. दार अर्धवट उघडं राहिलं. आतून मयूरी पुन्हा पुन्हा पहिली ओळ म्हणत होती आणि मध्येच थांबत होती, त्यांना जागा देत. त्या जागेत काहीच ऐकू येत नव्हतं.