नव्वाराने बुडवलेलं गाव

शेख बयूमींच्या घरात रजया ठेवायची एक कोंदट खोली होती, आणि त्या खोलीतून त्यांच्या लेकीचा, नव्वाराचा आवाज थेट मस्कतपर्यंत जात असे. खोलीला खिडकी नव्हती. तीन भिंतींना छतापर्यंत रजया, गाद्या, आईने भरलेल्या उशा रचलेल्या, मध्ये तिवई, तिवईवर माइक. कापसात आवाज घुमत नाही म्हणून तिने ही जागा धरली होती. दर गुरुवारी सकाळी ती दार लावून घेई, ‘बिस्मिल्लाह’ म्हणे आणि दोनशे वर्षांनंतरच्या जगात शिरे.

तिच्या नावावर चार कादंबऱ्या होत्या. पहिली लिहिली तेव्हा ती कैरोत एका औषधांच्या दुकानात कामाला होती. प्रकाशकाने बाड चाळून विचारलं होतं, “यात जिन नाही, परी नाही. मग एवढं सगळं घडवून कोण आणतंय, बाई?”

“पाणी,” ती म्हणाली होती.

त्या पाण्यानेच तिला नाव मिळवून दिलं. समुद्र आत आलेला, नाईलचा सगळा सखल मुलूख बुडालेला, आणि तराफ्यांवर राहणारी माणसं. पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं. मग आई गेली, बाबा एकटे पडले, म्हणून दोन वर्षांपूर्वी ती बाडबिस्तरा घेऊन नाईलकाठच्या आपल्या गावी, दिसूकला परत आली. इथे आल्यावर तिने आपल्या कादंबऱ्या वाचून दाखवायचा पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं ‘बाद बुकरा’, म्हणजे उद्याच्याही पलीकडे. मस्कतची एक बाई कणीक मळता मळता तो ऐकायची. कासाब्लांकाचा एक टॅक्सीवाला भाग संपेपर्यंत गिऱ्हाइकाला उतरू देत नसे, असं त्यानेच अभिमानाने लिहून कळवलं होतं.

ऐकत नव्हता तो एकच माणूस. तो अकरा पायऱ्या खाली, खालच्या मजल्यावर राहत होता.

शेख बयूमींनी पन्नास वर्षं प्रेषितांची स्तुती गायली होती. एक ओळ घ्यायची आणि ती सात वाटांनी फिरवून आणायची. मग एकदम थांबायचं, हात कानामागे न्यायचा, डोळे मिटायचे. त्या थांबण्यात सगळा मंडप एका तोंडाने ‘अल्लाह!’ म्हणून उसळायचा. गाता गाता मध्येच ते बोलायला लागत. शेजाऱ्याची म्हैस अडली तर आधी नमाज पढायची की आधी रेडकू सोडवायचं, असलं काहीतरी. माणसं पोट धरून हसत, आणि हसता हसता कधी डोळे पुसायला लागली हे त्यांचं त्यांनाच कळत नसे. त्याला गाणं म्हणावं तर त्यात उपदेश, उपदेश म्हणावा तर त्यात म्हशीची गोष्ट. देवाचं नाव असं पोटात उतरवणारा माणूस ज्या घरात असतो, त्या घरच्या पोरांचे कान वेगळेच घडतात. नव्वाराचे तसेच घडले होते. वडिलांच्या अब्याच्या, त्या लांब झग्याच्या टोकावर बसून तिने गोष्ट म्हणजे काय ते शिकून घेतलं होतं. पुढे तिने जे काही लिहिलं, ते त्या एका माणसाने मान डोलवावी म्हणून लिहिलं.

आणि तो माणूस म्हणे, “दोनशे वर्षांनी असं झालं, दोनशे वर्षांनी तसं झालं! चारशे पानांत एकदा तरी ‘इन्शाअल्लाह’ लिहिलंस का गं? उद्याचं देव जाणे, परवाचं माझी लेक जाणे!”

बैठकीतले लोक हसत. नव्वाराही हसे आणि चहाचे पेले उचलून आत जाई.

आता हसण्याचे दिवस उरले नव्हते. रमजानात त्यांचा डावा कान गेला. उजव्यातही जेमतेम धुगधुगी होती. डॉक्टर म्हणाले होते, हिवाळ्यापर्यंत तोही मिटेल, काही करता यायचं नाही. तेव्हापासून नव्वाराला दुसरं काही सुचेना. जगाने ऐकलं काय, न ऐकलं काय. बाबांनी एकदा, कान मिटायच्या आत, एकदा तरी ऐकावं. तिने युक्त्या करून पाहिल्या. सकाळी शिजवलेल्या फावा-दाण्यांच्या ताटाशेजारी फोन लावून ठेवला. बाबांनी ताट उचललं आणि सज्ज्यात जाऊन बसले. “आधी न्याहारी,” ते म्हणाले, “मग प्रलय.”

बुधवारी ती मितवल्लीकाकांच्या दुकानात गेली. मितवल्ली म्हणजे गावातला न्हावी, आणि पन्नास वर्षं शेखच्या डाव्या हाताला बसून डफ वाजवणारा साथीदार. बाबा हल्ली दुकानात येत नव्हते, म्हणून घरी येऊन दाढी करून जा, एवढंच सांगायला ती गेली होती.

“येतो की,” मितवल्ली वस्तरा पुसत म्हणाले. “पण शेखला सांग, आधी माझा पंचा परत कर. दोन वर्षं झाली.”

“कुठला पंचा?”

मितवल्लींनी जीभ चावली. मग आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. “शपथ घातली होती त्याने. जाऊ दे, मोडतो. प्रायश्चित्ताचे तीन रोजे ठेवीन, तेवढीच पोटाला विश्रांती. बस इथे.”

ती खुर्चीत बसली.

“तुझा तो पहिला भाग आला ना, त्याच दिवशी मी शेखला ह्याच खुर्चीत बसवलं, गळ्यात पंचा बांधला, एक बाजू केली आणि फोन लावला. कोण बोलतंय ते सांगितलं नाही. मेला दोन शब्दांत ओळखतो! म्हणतो, ‘ही माझी नव्वारा. पण ही श्वास का घेत नाही? कोण मागे लागलंय पोरीच्या?’”

“मी कापते ते,” नव्वारा हळूच म्हणाली.

“काय कापतेस?”

“श्वास. मधल्या रिकाम्या जागा. कॉम्प्युटरवर काढून टाकता येतात. सगळेच काढतात, काका. नाहीतर ऐकणारा कंटाळून दुसरीकडे जातो.”

मितवल्लींनी वस्तरा खाली ठेवला. “अगं, तुझ्या बापाने त्या रिकाम्या जागांवर आयुष्य काढलं. माणसाला ‘अल्लाह’ म्हणायला जागा नको? पाव भाजायचा आणि खमीर उकिरड्यावर टाकायचं, असली तुझी तऱ्हा.”

“म्हणून उठले ते?”

“छे! ऐकत होता. मान अशी डोलवत होता, की मला वाटलं आज माझ्या हातून शेखचा गळा जातोय. मग तू ते वाचलंस. समुद्र आला आणि इतक्या दिवसांत दिसूक पुसलं गेलं, ते.”

“सत्तेचाळीस.”

“हां, सत्तेचाळीस. तो उठला. एका गालाला साबण, गळ्यात माझा पंचा, आणि चालता झाला बाजारातून. लोक सलाम करतायत, हा बघत नाही. त्यानंतर तुझा आवाज ऐकायला आला नाही तो.”

घरी येताना नव्वारा नदीच्या बाजूने आली. ते वाक्य तिने कैरोत लिहिलं होतं, सातव्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत, दिसूकच्या आठवणीने जीव कासावीस झालेला असताना. आपण जिथे जाऊ शकत नाही ते गाव निदान कोणालाच मिळू नये, असं काहीसं वाटलं होतं तेव्हा. वाक्य उतरलं तेव्हा तिला हलकं वाटलं होतं. लोकांनी ते उचलून धरलं, परीक्षणांत छापलं. त्या वाक्यात सात वर्षांच्या बयूमीने पहिल्यांदा गायला तोंड उघडलं ती सिदी इब्राहीम या संताची मशीद होती, आईची कबर होती, मितवल्लींचं दुकान होतं. हे तिने कधी मोजलंच नव्हतं.

तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजानंतर शेख सज्ज्यात बसत. नव्वारा पुदिन्याचा चहा घेऊन गेली, बसायचा वेताचा मोडा त्यांच्या उजव्या कानाशी ओढला आणि पुस्तक मांडीवर ठेवलं.

“बाबा, वाचू?”

“आँ?”

“वाचू का, म्हटलं!”

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “परत बुडवणार आहेस?”

तिने नजर पुस्तकाकडे वळवली.

“मितवल्लीने तोंड उघडलं वाटतं. त्याला डफ थांबवता येतो, जीभ नाही.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “पोरी, तुझी आई इथे निजलीय. सिदी इब्राहीमच्या दारात मी लहानाचा म्हातारा झालो. तू एका ओळीत सगळं पाण्याखाली घातलंस. आणि घालताना श्वाससुद्धा घेतला नाहीस.”

“गोष्ट आहे ती, बाबा.”

“मी काय जन्मभर भाजी विकली? गोष्टीच सांगितल्या. मला नको शिकवूस.”

पण ते उठले नाहीत. हात कानामागे नेला, तसाच, जसा मंडपात न्यायचे. पूर्वी तो हात लोकांचं ऐकण्यासाठी असे, आता लेकीचं ऐकण्यासाठी होता. तिने पुस्तक उघडलं.

पहिलं वाक्य तिने वाचलं आणि थांबली. इतकं थांबणं तिला भयंकर वाटलं. खाली रस्त्यावर रताळीवाला ओरडून गेला, नदीवर एक मोटारबोट खोकली. बाबा वाट पाहत होते. तिने श्वास घेतला, चांगला मोठ्याने, आणि दुसरं वाक्य वाचलं. मग तिसरं. बाबांचे डोळे मिटले. ओठ हलत होते, तिचेच शब्द ते मागून चाखून बघत होते. समुद्र आला. सत्तेचाळीस दिवसांत दिसूक पुसलं गेलं. ती थांबली.

“घुमट?” बाबांनी विचारलं.

“काय?”

“सिदी इब्राहीमचा घुमट गं. तोही गेला?”

नव्वाराचं बोट पानावर होतं. चारच ओळी खाली घुमट कोसळत होता, आणि त्याच्या झरोक्यातून एक मासा शांतपणे आत शिरत होता. तो मासा सगळ्यांचा लाडका होता. अम्मानच्या एका मुलीने तो दंडावर गोंदवून घेतला होता आणि फोटो पाठवला होता.

तिने बाबांच्या कानाकडे पाहिलं. कानातले पांढरे केस, पाळीवरची जुनी चीर, तिच्या तोंडाकडे वळलेला तो सगळा चेहरा.

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “घुमट वर आहे.”

“किती वर?”

“झरोक्यांपर्यंत पाणी. त्याच्या वर घुमट, कोरडा.”

“मग अजान कोण देतं?”

“मुअज्जिन होडीतून येतो.”

“एकटा?”

“नाही.” तिने पुस्तक मिटलं. मिटताना बोट आत अडकलं, तेही काढून घेतलं. “होड्या येतात. दर गुरुवारी, फुव्वा गावाकडून, रशीद शहराकडून. कुठून कुठून. घुमटाला वळसा घालून दोर बांधतात, आणि एकमेकींना लागून उभ्या राहतात. एका होडीतून दुसरीत पाय ठेवता येईल इतक्या जवळ.”

“हां,” शेख म्हणाले. “म्हणजे मंडप झाला.”

“झाला.”

“सांग मग. पण सावकाश. घाईतलं आता मला ऐकू येत नाही.”

त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली, इतकी, की त्यांचा कान तिच्या तोंडाशी आला. नव्वाराने आयुष्यात पान समोर नसताना गोष्ट सांगितली नव्हती. होड्यांत कोण बसलंय हे तिला ठाऊक नव्हतं, गाणारा कोण तेही नाही. तिने सांगायला सुरुवात केली. होड्या कुठल्या लाकडाच्या ते सांगितलं, दोर भिजल्यावर कसा करकरतो ते सांगितलं. एक म्हातारी होती, ती गाण्याच्या आधी सगळ्यांचे चहाचे पेले घेऊन होडीच्या कडेला बसली आणि त्याच पाण्यात विसळायला लागली, ज्या पाण्याखाली तिचं घर होतं. हे कुठून आलं नव्वाराला कळलं नाही. ती दम घ्यायला थांबली.

“अल्लाह,” बाबा म्हणाले. अगदी हळू, घशातल्या घशात.

चहा गार झाला. मग तिने डोळे पुसले आणि गोष्ट पुढे नेली. म्हातारीने शेवटचा पेला विसळला, आणि पलीकडच्या होडीतून कोणीतरी खाकरून गळा मोकळा केला.

तेवढ्यात सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. बाबांना ती ऐकू आली नाही. उजेड उतरलेला पाहून त्यांनी ओळखलं. भिंतीला हात लावत ते उठले, नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला निघाले, दोन पावलं गेले आणि दारात वळले.

“होड्या सोडू नकोस गं,” ते म्हणाले. “दोर तसेच राहू देत. आलोच मी.”

नव्वाराने मान हलवली. आतून पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. पुस्तक मोड्याखाली पडलं होतं, ते तिने उचललं नाही. ती सज्ज्याचा कठडा धरून बसली, आणि गाणारा कोण असेल याचा विचार करू लागली.