राजेळीच्या बुंध्याशी रिकामा होणारा डबा

मी गिरीजच्या राऊतांचा तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझ्या अंगाला वास येतो. चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, दोन दिवस उन्हात उपडं ठेवलं, तरी मधल्या कप्प्याच्या काठाखालच्या वळीत तो दबा धरून बसला आहे. तुम्हाला कदाचित येणार नाही. मला येतो, आणि मला माझीच किळस वाटते.

माझा जन्म वसई पूर्वेच्या एका कारखान्यातला. चकचकीत चकतीवर दाब पडला आणि मी खोलगट झालो. अकरा वर्षांपूर्वी शांताबाई राऊतांनी मला दुकानातून उचललं, झाकण तीन वेळा लावून काढून पाहिलं आणि माझ्यावर नाव घालून घेतलं, ‘अनिश ज. राऊत’. ती सुई अजून आठवते.

शांताबाईंचा एक नेम होता. खालच्या कप्प्यात भात, मधल्यात भाजी, वरच्यात चार पोळ्या. पोळीची घडी चौघडी, आणि घडीच्या आत बोटानं लावलेलं तूप. संध्याकाळी मुलगा घरी आला की त्याला ‘कसा गेला दिवस’ असं त्या कधीच विचारत नसत. मला उघडत. मी रिकामा असलो की दिवस चांगला. भाजी उरली असली की तोंड एवढंसं. मग रात्रीच्या जेवणापर्यंत घरात भांडी जरा जोरात वाजत. डबा उरणं म्हणजे त्या घरात आईच्या हाताला नाव ठेवणं होतं.

अनिश वसई स्टेशनजवळच्या एका आर्किटेक्टकडे नकाशे काढतो. वय त्रेचाळीस. हात सोन्यासारखा, पण काम पुरं होईल तर शपथ. नायगावच्या एका इमारतीचा जिना अर्धा काढायचा, मधेच दुसरीचं गटार काढायला घ्यायचं, तेवढ्यात किल्ली हरवल्याचं आठवायचं. मीच किती ठिकाणी राहिलो! पेट्रोल पंपावर, बँकेच्या बाकावर, एकदा तर न्हाव्याकडे. दर वेळी मला परत आणायचा तो शेजारच्या टेबलावरचा क्लेमेंट.

“घे रे राऊत, तुझा डबा. उद्या तू स्वतःला कुठे विसरशील, तेव्हा मला फोन कर हां.”

दोन नोकऱ्या अशाच गेल्या होत्या. तिसरी जायच्या बेतात होती, तेव्हा बायको सीमा त्याला मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर ऋतिकांकडे घेऊन गेली. दोन-तीन बैठका झाल्या, लहानपणच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांपर्यंत चौकशी झाली, आणि त्याला कळलं की तो आळशी नाही, बेफिकीर नाही. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, आहे. औषध सुरू झालं. सकाळी एक गोळी, दुपारी एक. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मिळते तीही मोजून.

पहिल्या दिवशी अकरा वाजता तो क्लेमेंटला म्हणाला, “नकाशात आपण सगळे थर एकदम चालू ठेवले तर कसं दिसतं? भिंती, नळ, वायरी, सगळं एकमेकांवर? त्रेचाळीस वर्षं माझ्या डोक्यात तसं होतं. आज पहिल्यांदा नको ते थर बंद झाले.”

त्या आठवड्यात त्यानं तो जिना पुरा केला. मी टेबलावरून पाहिलं, त्याचे डोळे भरले होते. म्हणून पुढचं सगळं सांगताना मी हे विसरत नाही. त्या गोळीनं त्याला त्याचं काम परत दिलं होतं, आणि ती हातची जाईल या एकाच भीतीनं त्यानं पुढची सगळी घाण केली.

डॉक्टरांनी त्याला नोंद ठेवायला सांगितलं होतं. अनिशनं वही आणली आणि पट्टी लावून रकाने आखले. गोळीची वेळ, असर किती वाजेपर्यंत, झोप, नाडी, वजन, जेवण. ती वही माझ्याच पिशवीत असे. पिशवीत आम्ही तिघं, मी, वही आणि गोळ्यांची पट्टी.

दुसऱ्या आठवड्यापासून त्याची दुपारची भूक मेली. झाकण उघडलं की तोंडल्याच्या भाजीचा वास त्याला सोसेना. पहिला घास तो चघळत बसे, चघळत बसे, तोंड कोरडं, घास कापसासारखा. गिळताना डोळ्यांत पाणी. मग चूळ भरून मला बंद करी. बंद डब्यात दुपारी दीड ते संध्याकाळी सात काय होतं, ते तुम्ही कधी आतून पाहिलेलं नाही. भात घामेजतो. भाजीवर तेल थिजतं. डाळ फसफसते, तिला तार सुटते, आणि त्या तारेचं टोक माझ्या झाकणाला चिकटतं. मे महिन्यात कशाला, भर पावसाळ्यात हे होतं. मला शिसारी येई, पण डब्याला ओकता येत नाही.

“जेवला नाहीस?” क्लेमेंट विचारी.

“नंतर.”

“हे नंतर तुझं कधी येतं रे? इझाबेलनं मला उपाशी पाठवलं तर मी घटस्फोट घेईन, आणि तू फुकटचं सोडतोस!”

आता वाडीतल्या माणसालाच सुचावा असा उपाय त्याला सुचला. घरातलं उष्टं-खरकटं केळीच्या बुंध्याला टाकायची त्यांच्याकडे जुनी रीत. वाडीत शिरताना बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेला राजेळी केळीचं एक बेट आहे. स्कूटर तिथं थांबवायची, बुंध्याजवळची माती पायानं उकरायची, मला त्यात उपडं करायचं, पालापाचोळा सारायचा आणि बावखलाच्या हिरव्या पाण्यात मला विसळून घरी न्यायचं. आई मला उघडी. मी रिकामा. “आज भाजी आवडली वाटतं,” ती म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी डावभर जास्त घाली.

आणि वहीत? जेवणाच्या रकान्यात, सुंदर अक्षरात, ‘पूर्ण’. रोज ‘पूर्ण’. बाकीचे रकाने मिनिटाला मिनिट खरे आणि हा एक नासका. सडक्या डाळीपेक्षा मला त्या अक्षराची जास्त घाण वाटे.

पाचव्या महिन्यात दुसरंच सुरू झालं. गोळीचा असर आधी पाच वाजेपर्यंत टिके, तो तीनलाच उतरू लागला. उतरताना अनिश असा चिडका होई की स्कूटरच्या स्टँडलासुद्धा शिव्या देई. “शरीराला सवय झाली, आता दोन पुरत नाहीत,” असं त्यानं स्वतःच ठरवलं आणि चार वाजता तिसरी गोळी घेऊ लागला. वहीत तिला रकानाच नव्हता. तिसरीमुळे झोप उडाली. झोप नाही म्हणून सकाळी चहा, मग आणखी चहा. कामावर जबडा सारखा आवळलेला, दातांचा करकर आवाज मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येई. तळवे ओले. तो मला उचली तेव्हा माझ्या कडीवर त्याच्या घामाचे ठसे उमटत. गोळ्या मुदतीच्या आधी संपू लागल्या, तसा शेवटचे चार दिवस बिनगोळीचा, मेल्यासारखा बसून राही.

डॉक्टरांनी वही पाहिली, मग वजनकाट्याकडे पाहिलं.

“सात किलो कमी. आणि जेवण रोज पूर्ण?”

“हो मॅडम.”

“मग हे वजन जातंय कुठे? नाडीही वाढली आहे. आधी थायरॉइड, साखर आणि ईसीजी करून घेऊ.”

“पण असर कमी पडतोय. डोस वाढवता येईल का?”

“जेवण, झोप, हृदय ठीक असेल तर विचार करता येईल. तपासण्या येऊ देत.”

तपासण्या ठीक आल्या. सोमवारची भेट ठरली. अनिश शिट्टी वाजवत घरी आला आणि राजेळीपाशी थांबून त्यानं मला उपडं केलं. आतल्या चार पोळ्यांतली एकसुद्धा उलगडलेली नव्हती.

रविवारी सकाळी वाडीतून शांताबाईंची हाक आली. “अरे अनिश! सीमा! धावा!”

राजेळी पडली होती. सुकेळीसाठी राखलेला मोठा घड होता तिच्यावर. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि पानात गुंडाळून ठेवायची, ती सुकेळी हा शांताबाईंचा दर वर्षीचा मान. झाड बुंध्यातून उन्मळलं होतं, कारण खाली काही उरलंच नव्हतं. घुशींनी कंद पोखरून बिळं केली होती. आणि त्या बिळांत काय होतं? काळा पडलेला भात. हिरव्या-पांढऱ्या बुरशीनं केस फुटलेली भाजी. मुंग्या, अळ्या, घुशीच्या लेंड्या. आणि पोळ्या.

शांताबाईंनी काठीनं एक पोळी उचलली. लिबलिबीत झाली होती, तरी घडी मोडली नव्हती. चौघडी.

“ही माझी पोळी.” त्या हळू म्हणाल्या. “किती दिवस?”

अनिशनं पायानं पाला सारला.

“किती दिवस, विचारते मी!”

“सहा महिने.”

“बरं झालं,” शांताबाई म्हणाल्या. “कुणाला तरी भूक होती. घुशी तरी जेवल्या माझ्या हातचं.”

सीमा पुढे झाली. “अहो, मी तुमच्यासाठी रक्ताच्या तपासण्या करून घेत फिरले. कॅन्सर असेल का, म्हणून मी कुणाकुणाला विचारलं माहितेय तुम्हाला?”

“मला घास गिळवत नाही गं! आई, तुझ्या हातात खोट नाही. दुपारी अन्न पाहिलं की उलटी येते. पण हे सांगितलं असतं, तर तुम्ही पहिल्यांदा गोळी बंद केली असती. मग पुन्हा मी अर्धे जिने काढत बसलो असतो.”

मग शांताबाईंनी जे केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या घरात गेल्या, मला घेऊन आल्या आणि करवंटीनं ती सगळी घाण उचलून माझ्यात भरली. खाली भात, मधे भाजी, वर पोळी. नेमानं. एक अळी झाकणाच्या फटीतून बाहेर येत होती, ती त्यांनी आत लोटली आणि कडी लावली.

“उद्या हा डबा डॉक्टरीणबाईंना दाखव. वही राहू दे.”

चोवीस तास मी ते पोटात धरलं. वास तेव्हाचा आहे.

सोमवारी शांताबाई स्वतः दवाखान्यात आल्या. डॉक्टर ऋतिकांनी माझं झाकण उघडलं, झटकन मागं सरकल्या आणि नाकाला ओढणी लावली. “बंद करा. कळलं.” त्यांनी खिडकी उघडली. मग अनिशनं चार वाजताच्या गोळीचंही सांगून टाकलं.

“मी आज डोस वाढवणार होते,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडलेला होता. “उपाशी, न झोपलेल्या, चहावर चालणाऱ्या माणसाचा डोस. तुमच्या वहीवर भरवसा ठेवून.”

“आता बंद करणार ना?”

“लगेच गोळीलाच फाशी कशाला? सवय होऊन असर कमी होऊ शकतो, नाही असं नाही. पण पोट रिकामं आणि झोप गेलेली असताना खरं काय ते कळणारच नाही. तिसरी गोळी आजपासून नाही. सकाळी आधी पोटभर न्याहारी, मग गोळी. दुपारची एकच्या आत. चहा एक. दुपारी जाईल तेवढंच खा, भूक संध्याकाळी परत येते, तेव्हा नीट जेवा. दोन आठवड्यांनी या. तेव्हाही त्रास असेल तर हळूहळू असर करणारी दुसरी गोळी पाहू किंवा डोस कमी करू. बदल मी करीन, तुम्ही नाही. आणि बंद करायची वेळ आलीच, तर तुमच्याशी बोलून.”

“म्हणजे हा दुपारी जेवणारच नाही?” शांताबाईंनी विचारलं. त्यांना सगळ्यात मोठा धक्का हाच होता.

“थोडं, आजी. आणि उरलं तर उरू द्यायचं. तुम्ही रागावलात की तो पुन्हा खड्डा शोधेल.”

शांताबाईंनी मान हलवली नाही. मला उचललं आणि चालू लागल्या.

आता माझं असं आहे. खालचे दोन कप्पे फळीवर पालथे पडून असतात. मी एकटा वरचा कप्पा कामावर जातो. न्याहारीला अनिश घावणे खातो, चार-पाच, आईच्या देखत. त्याचं वजन दोन किलो परत आलं आहे. असर कधी चारपर्यंत टिकतो, कधी नाही, आणि नाही त्या दिवशी तो क्लेमेंटला सांगतो, “तीननंतर माझ्याशी बोलू नकोस.” क्लेमेंट म्हणतो, “आधीही कुठे बोलण्यासारखा होतास?” पुढच्या भेटीत काय ठरेल, ते डॉक्टरांनाही माहीत नाही.

पडलेल्या घडाची शांताबाईंनी सुकेळी केली. परवा त्यांनी माझ्यात दोन घातली, पानात गुंडाळून. अनिशनं दुपारी एक खाल्लं, सावकाश, पाणी पीत. दुसरं हातात घेतलं, ठेवलं. वही काढून लिहिलं, ‘सुकेळी एक. एक परत.’

संध्याकाळी वाडीत शिरताना स्कूटर बावखलापाशी जरा हळू झाली. माझा पत्रा गार पडला. बेटाच्या जागी नवे कोंब लावले आहेत. स्कूटर थांबली नाही.

घरी शांताबाईंनी मला मोरीपाशी उघडलं. आत उरलेलं सुकेळं पाहिलं. त्यांचा जबडा हलला, पण भांडं वाजलं नाही. पान सोललं आणि ते सुकेळं त्यांनी उभ्याउभ्याच स्वतः खाल्लं.

तुमच्या घरी कधी भरलेला डबा परत आला, तर एवढंच करा. त्याला खरं बोलल्याची शिक्षा देऊ नका. खोटा रिकामा डबा धुऊन कधीच निघत नाही. माझा वास घेऊन पाहा हवं तर.